विज्ञान-विचार : पडदा निराळा, हिशेब निराळा

आपल्यापैकी जी मंडळी भारतातून उतारवयात इस्राएलला आली, त्यांना बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्राची धास्ती वाटते ती हिशेबामुळे नव्हे, तर पडद्यावरील हिब्रू मजकुरामुळे. अशा अनेक यंत्रांवर भाषा बदलण्याची सोय असते. कळ दाबताच इंग्रजी मजकूर येतो. खात्यातील शिल्लक मात्र एका अगोरानेही हलत नाही. हे इतके स्वाभाविक वाटते की त्यामागे काही योजना असेल असे मनातही येत नाही.

ही विभागणी नेमकेपणाने मांडली ती त्रिग्वे रीन्सकाउग या नॉर्वेजियन संगणकतज्ज्ञांनी. जहाजबांधणीसाठी आज्ञावल्या रचलेले हे गृहस्थ कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात पाहुणे असताना, १९७९ मध्ये, त्यांनी आज्ञावलीचे तीन भाग कल्पिले : मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर. मॉडेल म्हणजे गाभा. खाते, शिल्लक व व्याजाचे नियम त्यात. व्ह्यू म्हणजे दर्शनी भाग. दाबलेल्या कळीचा अर्थ लावून तो गाभ्यापर्यंत पोचविणारा तो कंट्रोलर.

खरी खुबी पुढेच आहे. स्मॉलटॉक-८० या भाषेत रूढ झालेल्या रीतीप्रमाणे, आपल्याकडे कोण पाहत आहे याची गाभ्याला कल्पनाच नसते. शिल्लक बदलली की ‘बदल झाला’ एवढीच वर्दी तो देतो. मग प्रत्येक दर्शनी भागाने नवा आकडा विचारून घ्यावा आणि तो हिब्रूत लिहावा, इंग्रजीत लिहावा, की त्याचा आलेख काढावा, हे त्याचे त्याने पाहावे.

व्याजाची आकडेमोड पडद्यावरील बटनाच्या आज्ञांतच कोंबली तर? (घाईतला कारागीर नेमके हेच करतो. लहानशा कामात ते खपूनही जाते.) मग हिब्रू पडद्यासाठी एक आणि अरबीसाठी दुसरा, असे एकाच नियमाचे दोन पाठ होतात. दर बदलला की एक सुधारला जातो, दुसरा राहून जातो, आणि एकाच बँकेचे दोन ग्राहक निरनिराळे व्याज पाहतात.

हिब्रूमध्ये तर हीच विभागणी अक्षरापर्यंत पोचते. युनिकोड या लिपिसंकेतानुसार शब्द वाचनाच्या क्रमाने साठविला जातो. पहिले अक्षर उजवीकडे मांडणे हे दर्शनी भागाचे काम. मध्ये आकडा आला तर तो डावीकडून उजवीकडेच उमटतो. त्याच संकेतात १९९१ पासून देवनागरीही आहे. गाभा नीट वेगळा राखला असेल, तर मराठी पडद्यासाठी व्याजाच्या नियमांना हात लावण्याचे कारण नाही. ‘शिल्लक’, ‘भरणा’, ‘उचल’ हे शब्द मात्र यंत्राला कोणीतरी पुरवावे लागतील.