पर्यटन किनाऱ्यावर, पैसा कुणाच्या घरात?

शनिवार-रविवारला जोडून सुटी आली, की कोल्हापूरकरांच्या गाड्या गगनबावड्याकडे वळतात. घाट उतरून वैभववाडी, कणकवली आणि संध्याकाळपर्यंत मालवण किंवा तारकर्ली. या वाटेवर आपण खर्च करतो, त्यातले वैभववाडीत किती थांबते? फार तर चहा-नाश्त्यापुरते. बाकी पैसा किनाऱ्यावर जातो; आणि तेथेही तो सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, २०२१ मध्ये चिपी विमानतळाचे उद्‌घाटन झाले आणि जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग किल्ला आपल्या पन्हाळ्यासह जागतिक वारसा यादीत गेला. मात्र, २००१ च्या जनगणनेत ८ लाख ६८ हजार ८२५ असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाख ४९ हजार ६५१ वर आली. मुंबईकडे जाण्याची कोकणची परंपरा जुनी आहे. पर्यटन जिल्ह्याच्या पहिल्या दशकातही ती थांबली नाही, हे या आकड्यांतून दिसते.

जिल्ह्यात आठ तालुके आहेत. समुद्र लाभला आहे तो देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या तिघांनाच. म्हणजे विषमतेची पहिली रेषा किनारा आणि सह्याद्रीचा पायथा यांच्यामधून जाते. दुसरी रेषा अधिक बारीक असून ती एकाच वाडीतून जाते. ज्याच्या नावावर किनाऱ्यालगतची जागा आहे, तो खोल्या बांधतो. ज्याची जागा सामाईक आहे आणि सातबारावर मुंबईतल्या भाऊबंदांची नावे आहेत, त्याला कर्जासाठी सर्वांच्या सह्या जमवाव्या लागतात. ज्याला जागाच नाही, तो त्या खोल्यांत चादरी बदलतो किंवा दुसऱ्याची नौका चालवतो. रापणीत जाळे ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळत असे. पर्यटनात वाटा नाही, मजुरी आहे. शिवाय रापणीला मोकळा किनारा लागतो आणि पर्यटनालाही तोच हवा असतो.

तिसरी रेषा दिनदर्शिकेवर आहे. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. जलक्रीडाही मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद राहतात. नौकेवर काम करणारा तरुण मासेमारी सोडून पर्यटनात आला, तरी त्याचे रिकामे महिने तेच राहतात. खोल्यांचा मालक हंगामाच्या शिलकीवर पावसाळा काढू शकतो. रोजंदारीवरचा माणूस उसनवारीवर काढतो. जिल्ह्याच्या सरासरी उत्पन्नात हा फरक कुठेच उमटत नाही.

म्हणूनच येथील उपजीविकेचा नकाशा वाडीनिहाय काढला पाहिजे. त्यासाठी लागणारी माहिती बरीचशी दप्तरांत आहेच. घरांची नोंद ग्रामपंचायतीकडे, सभासदांची मच्छीमार सहकारी संस्थांकडे, प्रवासी नौकांची मेरीटाइम बोर्डाकडे, तर निवास-न्याहारी केंद्रांची पर्यटन विभागाकडे असते. या नोंदी गावाच्या एकाच नकाशावर मांडल्या आणि त्यांना दोन प्रश्न जोडले, की चित्र स्पष्ट होईल : व्यवसाय कुणाच्या मालकीचा आहे आणि वर्षातले किती महिने चूल त्यावर पेटते?

असा नकाशा हाती असेल, तर पर्यटनाचा निधी कुठे द्यायचा, हेही ठरवता येईल. किनाऱ्यावर आणखी एक सुशोभीकरण करण्यापेक्षा वैभववाडी-दोडामार्गात पावसाळी पर्यटन उभे करणे, सामाईक जागेवरच्या घरांसाठी कर्जाची सोपी वाट काढणे, रापणीसाठी किनाऱ्याचा पट्टा राखून ठेवणे, हे मार्ग त्यातून सुचतात. पर्यटकांची संख्या मोजणे सोपे असते. त्यांनी मागे ठेवलेला पैसा कुणाच्या घरात गेला, हे मोजल्याशिवाय पर्यटन जिल्हा म्हणून घोषणा झाल्याने जिल्ह्याला काय मिळाले, याचा हिशेब पूर्ण होणार नाही.