झाडाच्या पाटीवर नाव नीट लिहू या



आपल्या शाळेच्या आवारातल्या झाडांना यंदा पत्र्याच्या पाट्या लागणार आहेत. वर मराठी नाव आणि खाली शास्त्रीय नाव, असे ठरले आहे. वर्गातली काही मुले म्हणतात, "शास्त्रीय नाव हवेच कशाला? आणि लिहायचेच तर सगळे मोठ्या लिपीत लिहू, पाटी उठून दिसेल." मला हे पटत नाही.

कडुलिंब आणि कढीलिंब ही नावे ऐकायला जवळजवळ सारखी, पण झाडे निराळी. एकाच्या काडीने दात घासतात, दुसऱ्याची पाने फोडणीत पडतात. कढीलिंबाला कोणी गोडलिंबही म्हणतात. असा घोटाळा होऊ नये म्हणून स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली आपल्या ग्रंथात वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावे दिली. ही पद्धत आज जगभर चालते.

पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. दोन्ही हवेतच. आंबा मँजिफेरा इंडिका, चिंच टॅमरिंडस इंडिका, कडुलिंब अझाडिरॅक्टा इंडिका. नुसते 'इंडिका' लिहिले तर कोणते झाड समजायचे?

आता लिहिण्याची रीत. इंग्रजी लिपीत पहिल्या शब्दाचे पहिले अक्षर तेवढे मोठे, बाकी सगळी लहान. कढीलिंबाचे नाव मुराया कोनिगी. मरे आणि कोनिग हे दोघे लिनियसचे शिष्य, त्यांच्यावरून हे शब्द आले. तरी मुरायाचा एम मोठा आणि कोनिगीचा के लहान! माणूस कितीही मोठा असो, दुसऱ्या शब्दाचे अक्षर लहानच.

छापताना हे नाव तिरप्या अक्षरांत छापतात. हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ मारतात. हस्तलिखितात अशी रेघ दिसली की छापखान्यातला कंपोझिटर तिथे तिरपे खिळे लावी. "एवढ्याशा रेघेने काय बिघडते?" असे कोणी विचारील. पण पाटीवर झाड लावल्याची तारीख, वर्ग, शाळा असे बरेच काही असते. रेघ असली की शास्त्रीय नाव कोणते ते चटकन कळते.

माझे मत असे, की मराठी नाव वर ठळक लिहावे, कारण ते आपल्या घरातले आहे. एखाद्या झाडाला आपल्याकडे दुसरे नाव असेल, तर पालकांनी पाट्या रंगवण्याआधी जरूर सांगावे. खाली शास्त्रीय नाव रीतीप्रमाणे लिहावे. पाटी पुष्कळ वर्षे टिकेल. आपल्या मागून येणारी मुले तिच्यावरूनच नाव शिकतील, म्हणून ते पहिल्यापासून बरोबर असावे.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी