पगार शंभर टक्के द्या

प्रति,
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई

महोदय,

एप्रिल 2025 मध्ये एसटी कर्मचाऱ्यांच्या खात्यात मार्चचा पगार जमा झाला, तो 56 टक्के. कामाचे शंभर रुपये झाले आणि हातावर 56 ठेवले. ओरड झाली तेव्हा कुठे उरलेल्या पैशांची जुळवाजुळव सुरू झाली. किराणावाला, बँकेचा हप्ता, मुलांची फी, यांपैकी कोण 56 टक्क्यांवर भागवून घेतो?

मी फोंडाघाटचा प्रवासी. एसटीचे लोक या नोकरीला का चिकटून आहेत, ते रोज पाहतो. पावसाळ्यात दाजीपूरकडून घाट उतरताना धुक्यात दहा हातांवरचे दिसत नाही. चालक काचेला नाक लागेल इतका पुढे वाकतो, गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवतो. अवघड वळणावर वाहक दारात उभा राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणत कडेचा अंदाज देतो. गाडी खाली आली की म्हातारी माणसे त्यांना हात जोडतात. हा मान त्यांना आवडतो. जानेवारी 2024 मध्ये करूळ घाट कामासाठी बंद झाला आणि तिकडची वाहतूक आमच्या घाटावर आली, तेव्हाही हीच माणसे स्टिअरिंगवर होती.

त्यांना नको आहे ती महिनाअखेरची धाकधूक.

ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल 2022 पर्यंत चालला. त्या काळात सरकारने सेवेनुसार मूळ वेतनात 5000, 4000 आणि 2500 रुपयांची वाढ जाहीर केली. दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत पगार देण्याची हमीही दिली. त्या हमीचे काय झाले?

75 वर्षांवरील ज्येष्ठांना 2022 पासून मोफत प्रवास आहे. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. दोन्ही योजना चांगल्या आहेत, आमच्या घरातल्या बायकांना त्यांचा मोठा आधार आहे. पण ही सवलत सरकारने दिली आहे. तिची भरपाई वेळेवर आणि पूर्ण आली नाही, तर ती तूट तिकीट फाडणाऱ्या वाहकाच्या पगारातून का निघावी? 25 जानेवारी 2025 पासून आम्ही प्रवासी 14.95 टक्के जास्त भाडे मोजतो आहोत. आणि पुढच्या दोनच महिन्यांत पगाराला कात्री!

जून 2025 च्या तुमच्या श्वेतपत्रिकेत एसटीचा संचित तोटा 10 हजार 322 कोटींचा आहे. तो तोटा चालक-वाहकांनी केलेला नाही. वर्षानुवर्षे निर्णय मंत्रालयात झाले, हिशेब मात्र डेपोतल्या माणसाकडून वसूल होतो. हा अन्याय आहे.

मागणी एकच आहे. सवलतींच्या भरपाईची रक्कम दर महिन्याला आधी वेगळी काढा आणि 10 तारखेच्या आत पूर्ण पगार द्या. उद्या पहाटेही घाटातून गाडी सुटेल. ती नेणाऱ्याने आपले काम कधी 56 टक्के केलेले नाही.

आपला,
फोंडाघाटचा एक एसटी प्रवासी