पुस्तकातलं घर, आपलं घर

‘घरात कटकटी कमी आहेत का, म्हणून पुस्तकातल्याही वाचायच्या?’ हा प्रश्न मला बरेचदा ऐकावा लागतो. विचारणारे बहुतेक वेळा चांगले वाचक असतात, त्यामुळे तो झटकून टाकता येत नाही. ‘झोंबी’ अर्ध्यावर सोडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना स्वतःच्या जिवाला जपावंसं वाटलं, यात काही गैर नाही. मला मात्र अशी पुस्तकं सोडवत नाहीत.

आनंद यादवांची ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १९८७ साली आली. कागलमधल्या गरीब शेतकरी घरातला मुलगा शाळेसाठी तळमळतो आणि बाप त्याला शाळेतून काढून मळ्याच्या कामाला जुंपतो. गावातल्या वजनदार दत्ताजीरावांनी कान उपटल्यावर बाप कबूल होतो, पण अटी घालून. सकाळी अकरापर्यंत मळ्यात काम, मग शाळा, शाळा सुटली की गुरं राखायची. काम जास्त असेल त्या दिवशी शाळा नाही. मुलगा आनंदानं सगळ्याला हो म्हणतो. मारहाणीच्या पानांपेक्षा हेच पान मला जास्त छळतं. मारणाऱ्या बापावर चिडता तरी येतं. एवढ्यावर खूश होणाऱ्या पोराकडे बघून चिडायचं कुणावर? पुढे हाच मुलगा पिकाला पाणी पाजताना मास्तरांसारखे हातवारे करत एकटाच कविता म्हणू लागतो. तिथे आले की मला काही वेळ पुढचं अक्षर दिसत नाही.

टीव्हीवरच्या मालिका पाहूनही लोक रडतात, पण तिथे एक कपटी जाऊ नाहीतर सासू दिलेली असते. सगळं तिच्या माथी मारलं की बघणारा मोकळा होतो. चांगली कादंबरी अशी सोडवणूक करत नाही.

जेरी पिंटो यांच्या इंग्रजी कादंबरीचा शांता गोखले यांनी केलेला मराठी अनुवाद, ‘एम आणि हूमराव’, हे याचं मला सगळ्यात जवळचं उदाहरण. माहीमचं लहानसं घर, गोव्याकडचं ख्रिस्ती कुटुंब, माणसं चार. आई, म्हणजे एम, कधी उधाणलेली असते, कधी तिला जगणंच नकोसं झालेलं असतं. तिनं जीव द्यायचे प्रयत्न केले आहेत आणि जे. जे. रुग्णालयाचा मनोरुग्ण विभाग मुलांच्या रोजच्या ओळखीचा झाला आहे. ती बिड्या ओढते, मुलांशी वाट्टेल ते बोलते, आणि वाचताना आपण मोठ्यानं हसतो. मुलाला धास्ती असते की हे आपल्यातही उतरेल. आईचा आजार आपल्या जन्मानंतर सुरू झाला, हा सल तर त्याहून खोल. या घरात वाईट कुणीच नाही. वडील खंबीर आहेत, बहीण समंजस आहे, सगळ्यांचा एकमेकांवर जीव आहे. तरीही तो पुरत नाही.

आपल्याकडे हे कितीतरी घरांना ठाऊक असतं, पण ‘त्यांच्याकडे जरा तसं आहे’ यापलीकडे कुणी बोलत नाही. मनाचा आजार, दारू, भावाभावांतला अबोला, सगळं पाहुणे यायच्या आत आतल्या खोलीत ढकललं जातं. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी धाकट्या भावाचं असंच दुखणं वर्षानुवर्षं सांभाळलं. एमच्या गमतीच्या पानांवर त्यांना रडू फुटलं. भावाच्या बोलण्यावर आपणही घरात हसायचो, हे त्यांनी तोवर कुणापाशी उच्चारलेलं नव्हतं. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा ही पुस्तकं लिहिली जायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

वाचायची कशी, याबद्दल मात्र माझा आग्रह आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः येत होती. यमू स्वतःच्या तोंडून सासर, वैधव्य आणि केशवपनाची सक्ती सांगते. त्या वाचकांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागे. मधल्या दिवसांत ती त्यांच्या घरातून वावरत असणार, तिच्यावर वाद होत असणार. आपण एका रात्रीत पुस्तकाचा फडशा पाडतो आणि सकाळी जड डोक्यानं कामाला लागतो. अशी कादंबरी दिवसाउजेडी, दोन-दोन प्रकरणं वाचावी, आणि वाचलेलं कुणाला तरी सांगावं. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, दवाखान्याच्या खेपा चालू असतील, तर ती तेव्हा हातात घेऊच नये.

सध्या आमच्याकडे शांता गोखले यांचीच ‘रीटा वेलिणकर’ अशी वाचली जाते आहे. रीटा थोरली. नोकरी करून तिनं आईवडिलांना आणि बहिणींना ओढलं, आणि एक दिवस ती स्वतःच कोसळली. परवा जेवताना वहिनी म्हणाल्या, ‘आपल्या आत्यांनी तरी दुसरं काय केलं? त्यांना कुणी कधी विचारलं?’ आत्या नाशिकला असतात. येत्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे चाललो आहोत.