गल्लीची बातमी कोणी द्यावी?

(द्वितीय वर्ष, कला)

मराठी वृत्तपत्रांचा आरंभ म्हणून आपण ६ जानेवारी १८३२ ही तारीख सांगतो. त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले. परंतु आरसा कितीही मोठा असला, तरी त्यात आपला चेहरा दिसतो का, हा प्रश्न उरतोच. मोठ्या दैनिकांत राज्यातील, देशातील घडामोडी असतात. उद्या आमच्या पेठेत पाणी येणार की नाही, हे मात्र नसते. आणि आमच्या घरी सर्वांत मोठी बातमी तीच!

म्हणून गेल्या वर्षी मी व माझ्या दोन मित्रांनी पेठेपुरते एक बातम्यांचे संकेतस्थळ सुरू केले. पाण्याची वेळ, रेशन दुकानात धान्य आल्याचा दिवस, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, गटाराचे रखडलेले काम, एवढाच त्यातला मजकूर. वर्षभराच्या अनुभवावरून माझे असे मत झाले आहे की, हे काम सुरू करणे मुळीच अवघड नाही. त्याला एक मोबाईल पुरतो. अवघड आहे ते लोकांचा विश्वास मिळवणे, आणि प्रसिद्धीच्या नादात तो न गमावणे.

आमची चूक प्रथम सांगतो. एकदा मोबाईलवर फिरत आलेला ‘दोन दिवस पाणी नाही’ हा मजकूर मी रात्री जसाच्या तसा टाकला. पहाटे चारला पाणी आले आणि गेले; आमच्या गल्लीत कोणी उठलेच नव्हते. माझी आई विड्या वळते. पाने भिजवायलाही घरात पाणी नव्हते. ते लांबून आणण्यात तिची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. आईला वाचता येत नाही; ती बातमी मीच तिला मोठ्या अभिमानाने वाचून दाखवली होती. ती एवढेच म्हणाली, “तू कुणाला इचारलं व्हतंस का रं?”

मी कोणालाच विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही चुकीची कबुली सर्वांत वर दिली. तेव्हापासून चावीवाल्याला विचारल्याखेरीज पाण्याची बातमी द्यायची नाही, असा नियम केला. गटाराच्या कामाबद्दलही ऐकीव न लिहिता २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज केला. दहा रुपयांचे तिकीट लावले की तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते, हे आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

आता प्रसिद्धीविषयी. पेठेतील एक मुलगी घर सोडून गेली, तेव्हा कित्येकांनी सुचवले, “हे टाका, सगळे वाचतील.” वाचले असते, यात शंका नाही. पण त्या घरची माणसे रोज सकाळी आमच्याच नळावर येतात. आम्ही ते टाकले नाही. एका पुढाऱ्याने वर्षाचा सगळा खर्च देऊ केला. अट एकच, वाढदिवसाच्या शुभेच्छा कायम वर दिसाव्यात. मग गटाराचा प्रश्न आम्ही कोणाला विचारणार होतो? गिरणीवाल्याची, खाणावळीची जाहिरात मात्र आम्ही आनंदाने घेतो.

१९२० साली डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊ केले असतानाही छापली नव्हती. जाहिरात नाकारली गेली म्हणून त्या पत्राचे मोल कमी झाले नाही. उत्तर प्रदेशातील चित्रकूट येथे २००२ साली ग्रामीण स्त्रियांनी ‘खबर लहरिया’ बुंदेली भाषेत सुरू केले. त्या स्वतः बातम्या आणीत आणि स्वतःच गावोगाव फिरून अंक विकीत. आज त्यांचे काम इंटरनेटवर चालते. पण ओळख पायी फिरून झालेली आहे.

आम्हीही तेच शिकलो. रोज संध्याकाळी चौकातील मंडळाच्या फळ्यावर आम्ही ठळक बातम्या खडूने लिहितो आणि गिरणीपाशी बसलेल्या बायकांना वाचून दाखवतो. त्याच मग चुका सांगतात, नव्या बातम्याही देतात.

आपल्या महाविद्यालयात किती पेठांतून, वाड्या-वस्त्यांतून मुले-मुली येतात! प्रत्येकाने आपल्या गल्लीची एक खरी बातमी आठवड्याला लिहिली, तर पुष्कळ होईल. मात्र लिहिण्यापूर्वी माझ्या आईचा प्रश्न स्वतःला विचारावा.