खड्ड्यात उतरण्यापूर्वी हवेची परीक्षा

नातेपुते व माळशिरस तालुक्यातील इतर गावांत ऊस आणि दुभती जनावरे यांवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. जेथे गोठा आहे तेथे शेण आहे आणि जेथे शेणकाला बंद जागी साठतो, तेथे विषारी वायूही साठतो. शेतकऱ्यांचे या धोक्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दिनांक ९ एप्रिल २०२४ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, नेवासे तालुक्यातील वाकडी येथे घडलेली दुर्घटना वाचकांच्या स्मरणात असेल. शेणकाला साठविलेल्या बिनवापराच्या विहिरीत पडलेले मांजर काढण्यासाठी एक जण उतरला व त्याच्या मागोमाग इतर उतरले. सहांपैकी पाच जण दगावले. एकाने कमरेला दोर बांधला होता, म्हणून त्यास वर ओढून घेता आले. पहिल्याखेरीज बाकीचे सारे माणूस वाचविण्यासाठीच उतरले होते, ही गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे.

अशा ठिकाणी मुख्य शत्रू हायड्रोजन सल्फाइड हा वायू होय. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. थोड्या प्रमाणात असता त्यास कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी येते. परंतु दहा लक्ष भाग हवेत त्याचे सुमारे १०० भाग झाले की काही मिनिटांतच नाक बधिर होते. वास नाहीसा झाला म्हणून मनुष्य निर्धास्त होतो आणि तेथेच घात होतो.

कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. तीमुळे प्राणवायूची मोठी उणीव कळते, हे खरे. परंतु प्राणघातक हायड्रोजन सल्फाइड असतानाही कंदील तेवत राहू शकतो. आणि गोबर गॅसच्या खड्ड्यात मिथेन असल्याने उघडी ज्योत सोडणे म्हणजे स्फोटास आमंत्रण देणे होय.

यावर उपाय म्हणजे विद्युत्-रासायनिक संवेदक असलेले वायुशोधक यंत्र. हे मुठीत मावते. त्यातील लहानशा पेशीत वाहक द्रावण व विद्युदग्रे असतात. हवेतील वायू पापुद्र्यातून आत शिरून विद्युदग्रापाशी पोचला की रासायनिक क्रिया घडते आणि वायूच्या प्रमाणात सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तोच आकड्यांत दिसतो व मर्यादा ओलांडताच यंत्र कर्कश आवाज करते. हवेत प्राणवायू शेकडा २०.९ असतो, तो १९.५ च्या खाली गेल्यास आत उतरू नये. हायड्रोजन सल्फाइडचा १० चा आकडा दिसला तरी दूर व्हावे.

या यंत्राच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. असा संवेदक मिथेन ओळखत नाही. त्यासाठी ज्वलनशील वायूचा वेगळा संवेदक असलेले संयुक्त यंत्र घ्यावे. संवेदक साधारणतः दोन-तीन वर्षांत निकामी होतो आणि मधून मधून ज्ञात प्रमाणाच्या वायूने त्याची तपासणी करावी लागते. शिवाय शेणकाला ढवळताच त्यात कोंडलेला वायू एकदम बाहेर पडतो. म्हणून दोराने यंत्र सोडून वर, मध्ये व तळाशी हवा तपासावी आणि काम चालू असेतोपर्यंत यंत्र अंगावरच ठेवावे. कमरेचा दोर, वर उभी असलेली माणसे आणि ताजी हवा सोडणारा पंखा यांची जागा यंत्र घेऊ शकत नाही.

खर्चाचा आक्षेप घेतला जाईल. एकट्या शेतकऱ्यास हा भार वाटणे स्वाभाविक आहे. परंतु फवारणी पंपाप्रमाणे प्रत्येकाने स्वतंत्र यंत्र बाळगण्याची गरजच नाही. नातेपुते नगरपंचायतीने, भोवतालच्या ग्रामपंचायतींनी अथवा दूध संस्थांनी एकेक यंत्र घ्यावे, ते वापरण्यास दोन तरुणांना शिकवावे आणि मागणाऱ्यास ते विनामूल्य द्यावे. मात्र ते कपाटात कुलूपबंद राहता कामा नये.

आणि आपला माणूस खाली कोसळलेला दिसला तरी त्याच्यामागे उडी घेऊ नये. प्रथम हाक मारून माणसे गोळा करावीत, पंख्याने हवा सोडावी आणि अग्निशामक दलास कळवावे. श्वसनयंत्र असलेल्या प्रशिक्षित माणसाखेरीज कोणीही आत जाऊ नये. हा संयम अतिशय कठीण आहे; पण त्यानेच एका घरातील दुसरा बळी टळतो.