ब्लॅक बेल्टची स्वस्ताई

शाळांच्या सभागृहांत आणि गृहसंकुलांच्या आवारात भरणाऱ्या कराटे-तायक्वांदोच्या वर्गांतून आठ-नऊ वर्षांची मुले ब्लॅक बेल्ट मिरवीत बाहेर पडतात, तेव्हा पालकांना वाटणारा अभिमान समजण्याजोगा आहे. प्रश्न एवढाच, की त्या पट्ट्याने नेमके काय सिद्ध होते?

मुळात हे पारंगततेचे प्रशस्तिपत्र नव्हेच. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही जुदोची संस्था स्थापन केली आणि पुढल्याच वर्षी दोन शिष्यांना ‘शोदान’ श्रेणी दिली. या शब्दाचा अर्थच ‘प्रारंभीची श्रेणी’. पायाभूत तंत्र अंगी मुरले, आता खरे शिक्षण सुरू, इतकाच तिचा आशय. लोकमानसात मात्र, चित्रपटांच्या कृपेने, काळा पट्टा म्हणजे अजिंक्यता! या दोन अर्थांतील अंतरावरच आजचा व्यापार उभा आहे.

मुलांचे कौतुक होऊच नये, असे कोणी म्हणणार नाही. सेऊल येथील कुक्किवोन या तायक्वांदो संस्थेने त्यावर समंजस तोड काढली आहे. पंधरा वर्षांखालील मुलांना तेथे ‘दान’ऐवजी ‘पुम’ ही निराळी श्रेणी मिळते. तिचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो. वय झाले, की तिचे ‘दान’मध्ये रूपांतर करून घेता येते. श्रमाचे चीज होते आणि शब्दाचा अर्थही शाबूत राहतो.

मग अडते कोठे? शिकवणारा, परीक्षा घेणारा आणि परीक्षेचे शुल्क स्वीकारणारा पुष्कळदा एकच असतो. मासिक शुल्कावर वर्ग जेमतेम चालतो. परीक्षा, पट्टा, प्रमाणपत्र यांनी तो तरतो. विद्यार्थी नापास केला, तर तो शेजारच्या वर्गात जातो. म्हणजे दंड पडतो तो कडक गुरूला. ग्राहकाला मालाची पारख नसली, की निकृष्ट माल उत्तम मालाला हुसकावून लावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरून दाखविले होते. मोटार निदान रस्त्यात बंद पडते आणि फसवणूक उघडी होते. येथे ती उघडी होईल ती एखाद्या दांडगटासमोर. पंचवीस किलो वजनाचे मूल, पळून जाण्याऐवजी, पट्ट्याच्या भरवशावर उभे राहील तेव्हा.

सरकारी नियंत्रणाची मागणी अशा वेळी होतेच. पण त्यातून आणखी एक शिक्का आणि तो मिळविण्याचा आणखी एक खर्च एवढेच बहुधा निष्पन्न होईल. परीक्षक बाहेरचा असावा, शुल्कात त्याचा वाटा नसावा, परीक्षा पालकांसमक्ष व्हावी आणि किती बसले, किती उत्तीर्ण झाले हे फलकावर लागावे. आपले सभागृह वर्गाला भाड्याने देणाऱ्या शाळेला करारात या अटी घालण्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.